तांब्यावरचा विश्वास

वीज मंडळातल्या नोकरीची बहुतेक सगळी वर्षं मी अतिवाहकतेकडे, म्हणजे खूप गार केल्यावर काही पदार्थांचा रोध नाहीसा होतो त्या गुणाकडे, तुच्छतेनं पाहिलं. विषय मला येत नव्हता असं नाही. अभियांत्रिकीच्या परीक्षेत त्यावर उत्तर लिहिलं होतं, पाऱ्याच्या रोधाचा तो प्रसिद्ध आलेख काढून गुणही मिळवले होते. पण मनात पक्कं बसलं होतं, की ही प्रयोगशाळेतली चैन आहे. आपल्या खांबांशी, तारांशी, अंधारात बसलेल्या गावांशी तिचं काही देणंघेणं नाही. हे मत मी कधी तपासलं नाही. ते इतकं सोयीचं होतं, की तपासावंसं वाटलंच नाही.

माझं जग तांब्याचं आणि अ‍ॅल्युमिनियमचं होतं. डॉग, पँथर, झेब्रा, मूझ ही आमच्या तारांची नावं. पोलादी गाभ्याभोवती अ‍ॅल्युमिनियमच्या तारा पिळलेल्या, जितका दाब मोठा तितकी तार जाड. ट्रान्सफॉर्मरची गुंडाळी तांब्याची, अर्थिंग तांब्याचं. प्रवाह दुप्पट झाला की तारेत निर्माण होणारी उष्णता चौपट होते, हा नियम आम्ही पुस्तकात शिकलो आणि सैल जंपर रात्री लाल झालेला पाहून खरा मानला. वीजगळतीचे आकडे दर महिन्याच्या बैठकीत समोर यायचे. त्यातली चोरी वेगळी, पण तारांच्या रोधापायी जाणारी वीज ही निसर्गानं घेतलेली वसुली आहे, तिला इलाज नाही, हे आम्ही गृहीत धरलं होतं.

यातूनच माझी अतिवाहकतेची समजूत तयार झाली. रोध म्हणजे अडथळा. धातूतले अणू थरथरतात, मध्येच कुठे परकी अशुद्धी असते, इलेक्ट्रॉन त्यांच्यामुळे विखुरतात आणि ऊर्जा उष्णता बनून जाते. मग धातू शुद्ध करा, गार करा, थरथर कमी करा, रोध उतरत जाईल. पुरेसं गार केलं की शून्य होईल. म्हणजे चांगल्या वाहकाची परिसीमा ती अतिवाहकता. चांदी, तांबं, सोनं, अ‍ॅल्युमिनियम ही गुणवत्तेची यादी मला पाठ होती. अतिवाहक या यादीच्या अगदी वरच्या टोकाला, पण इतक्या थंडीत की कामाचा नाही. या समजुतीत मला कधी भोक दिसलं नाही.

तुच्छतेमागे थोडा राग होता, हेही सांगायला हवं. १९८६ साली झुरिकजवळच्या रुशलिकोन इथल्या आयबीएमच्या प्रयोगशाळेत बेडनोर्ट्झ आणि म्युलर यांना बेरियम, लँथॅनम आणि तांबं यांच्या ऑक्साइडात ३० केल्व्हिनच्या वर अतिवाहकतेची खूण सापडली. पुढच्याच वर्षी इट्रियम असलेलं तसलंच ऑक्साइड ९३ केल्व्हिनला, म्हणजे उणे १८० अंश सेल्सियसला अतिवाहक झालं. द्रवरूप नायट्रोजन ७७ केल्व्हिनला उकळतो, तेव्हा हे ऑक्साइड थंड करायला महागड्या हीलियमची गरज उरली नाही. मी तेव्हा नोकरीत नवीन होते. वर्तमानपत्रांत तरंगत्या गाड्या आणि न तापणाऱ्या तारा यांची वर्णनं यायची, आणि मी ती कात्रणं जपून ठेवली होती. नंतर वर्षं गेली. आमच्या तारा तापतच राहिल्या. अपेक्षाभंगाचं मी एका मतात रूपांतर केलं आणि त्या मताला अनुभव म्हणू लागले.

त्याच अनुभवाच्या जोरावर एका प्रशिक्षण वर्गात मी एका तरुण अभियंत्याला गप्प केलं. त्यानं विचारलं होतं, “मॅडम, तांबं सगळ्यात चांगलं, तर मग अतिवाहकांच्या यादीत तांबं का नाही?” मी म्हणाले, “ते परीक्षेसाठी ठेव. इथं आपल्याला लाइन चालवायची आहे.” वर्ग हसला, तो बसला. मला उत्तर माहीत नव्हतं आणि ते कबूल करण्याऐवजी मी प्रश्नालाच हलकं ठरवलं. अज्ञान लपवायला पद वापरलं, यापेक्षा वेगळे शब्द त्याला नाहीत.

माझ्या मताला तडा गेला तो निवृत्तीच्या सुमारास. आईच्या मणक्याचा एमआरआय करायचा होता. तिला आत नेलं, मी बाहेर तिची लोखंडी काठी धरून बसले. तपासणी चालू असताना वीज गेली. यंत्राचा ठोकल्यासारखा आवाज थांबला, दिवे गेले, मग जनरेटरवर निम्मे दिवे आले. आई आत एकटी आहे, घाबरेल, म्हणून मी उठून दाराकडे निघाले. तंत्रज्ञ मुलगा धावत आडवा आला.

“काकू, काठी घेऊन आत नाही. मॅग्नेट चालू आहे.”

“अरे, लाइट गेली आहे ना?”

“लाइटचा संबंध नाही. मॅग्नेट कायम चालूच असतो.”

आई बाहेर आली, तिला खुर्चीत बसवलं, आणि मी त्या मुलाला विचारलं की बॅटरी किती वेळ टिकते. तो म्हणाला, “बॅटरी नाही, काकू. मशीन बसवलं तेव्हा एकदा करंट भरला. तेव्हापासून तोच फिरतोय.”

हे वाक्य मी तिथेच खोटं ठरवलं. चाळीसेक वर्षं मी एकाच विश्वासावर काम केलं होतं: उगम नसेल तर प्रवाह नाही. कुठेतरी जनित्र फिरतं तेव्हाच तारेत वीज असते. ब्रेकर उघडला की सगळं शांत. आणि इथे शेकडो अँपिअरचा प्रवाह, ज्याच्यामुळे पृथ्वीच्या क्षेत्राच्या तीसेक हजार पट तीव्र चुंबकीय क्षेत्र उभं राहिलं होतं, तो कशालाही जोडलेला नव्हता. मुलाचं काहीतरी चुकत असणार असं मला वाटलं. मी त्याला आणखी विचारलं. त्यानं मला जमेल तेवढं सांगितलं: आत हीलियम आहे, तो संपू द्यायचा नाही, संपला तर क्वेंच होतो, म्हणजे अतिवाहकता एकदम मोडते. तो माझ्याहून कितीतरी लहान होता, त्याचं शिक्षण माझ्याहून कमी होतं, आणि तो बरोबर होता.

मला हादरवलं ते त्या गोष्टीच्या साधेपणानं. ही प्रयोगशाळा नव्हती. जिल्ह्याच्या गावातलं एक तपासणी केंद्र होतं, बाहेर रिक्षा उभ्या होत्या. ज्या अतिवाहकतेला मी चैन म्हणत होते, तीच या मॅग्नेटमध्ये होती आणि माझ्या आईच्या मणक्यांची चित्रं काढत होती. अशी यंत्रं माझ्या नोकरीच्या काळातच गावोगाव आली होती. मी त्यांना वीजजोडण्याही मंजूर केल्या होत्या. भार किती, ट्रान्सफॉर्मर किती, एवढंच विचारलं होतं. आतल्या वेटोळ्यात काय आहे, हे विचारायचं मला सुचलं नव्हतं.

घरी आल्यावर मी वाचायला लागले. पहिल्यांदा परीक्षेसाठी नाही. प्रवाह भरतात कसा, हे वाचताना मी थक्क झाले. वेटोळ्याची दोन टोकं अतिवाहक तारेच्याच एका तुकड्यानं जोडलेली असतात. तो तुकडा थोडा गरम केला की त्याची अतिवाहकता जाते आणि बाहेरच्या पुरवठ्यातून वेटोळ्यात प्रवाह चढवता येतो. मग गरम करणं थांबवायचं. तुकडा गार होऊन अतिवाहक झाला की वलय बंद होतं आणि बाहेरचा पुरवठा काढून घेता येतो. १९६३ साली फाइल आणि मिल्स या दोघांनी अशा वेटोळ्यातला प्रवाह किती सावकाश ओसरतो हे मोजलं, आणि तो पुरता ओसरायला एक लाख वर्षांहून जास्त काळ लागेल असा हिशोब काढला.

पण माझा खरा पराभव तारेच्या छेदाच्या चित्रानं केला. एमआरआयची तार नायोबियम आणि टायटॅनियमच्या मिश्रधातूची असते. त्या मिश्रधातूचे बारीक धागे आणि त्यांच्याभोवती तांबं. चित्र पाहताक्षणी मला बरं वाटलं, आपलं तांबं आहे म्हणून. प्रवाह तेच नेत असणार. खाली लिहिलं होतं ते उलट होतं. अतिवाहक धाग्यांच्या तुलनेत भोवतीचं तांबं जवळजवळ रोधकासारखं. सगळा प्रवाह धाग्यांतून जातो. तांब्याचं काम संकटात: एखाद्या जागी अतिवाहकता तुटली तर प्रवाहाला तात्पुरती वाट द्यायची आणि उष्णता पसरवायची. आणि हा नायोबियम-टायटॅनियम नेहमीच्या तापमानाला तांब्याच्या तुलनेत फारच वाईट वाहक. माझ्या गुणवत्तेच्या यादीत त्याला जागाच नव्हती.

मग त्या तरुणाचा प्रश्न माझ्यासमोर उभा राहिला, आणि या वेळी त्याला गप्प करायला कुणी नव्हतं. पाऱ्याची रोधकता तांब्याच्या पन्नास पटींहून जास्त, तरी पारा अतिवाहक. शिशाची बारा पट, तरी शिसं अतिवाहक. तांबं, चांदी, सोनं मात्र नाहीत. चांगल्या वाहकाची परिसीमा म्हणजे अतिवाहकता असती तर हे शक्यच नव्हतं. माझी समजूत पहिल्याच उदाहरणाला कोसळत होती, आणि ते उदाहरण पहिल्या दिवसापासून पुस्तकात होतं.

मी पाऱ्याचा तो आलेख पुन्हा उघडला. नेदरलँड्समधल्या लायडन इथे हाइके कामरलिंग ओन्नेस यांनी १९०८ साली हीलियम पहिल्यांदा द्रवरूप केला आणि १९११ साली पाऱ्याचा रोध मोजला. पारा निवडला कारण तो पुन्हापुन्हा ऊर्ध्वपातन करून अतिशय शुद्ध करता येतो. त्यांचा विचारही काहीसा माझ्यासारखाच होता: शुद्ध धातूचा रोध थंडीबरोबर उतरत जावा. पण तो नुसता उतरत गेला नाही. ४.२ केल्व्हिनच्या आसपास एकदम नाहीसा झाला. आलेखातली रेघ तिथे कड्यासारखी तुटते. हा कडा मी परीक्षेत स्वतःच्या हातानं काढला होता आणि तरी मनात उतारच ठेवला होता. थरथर कमी होत जाण्यानं असा कडा तयार होत नाही. पाणी गोठावं तशी पदार्थाची अवस्थाच बदलली तर होतो.

अवस्था बदलते, याचा निर्णायक पुरावा १९३३ साली बर्लिनमध्ये मिळाला. माइसनर आणि ऑक्सेनफेल्ड यांनी पाहिलं की चुंबकीय क्षेत्रात ठेवलेला धातू गार करत नेला आणि तो अतिवाहक झाला, की आत शिरलेलं क्षेत्र तो बाहेर ढकलतो. नुसता शून्य रोधाचा वाहक असता तर त्यानं आधी शिरलेलं क्षेत्र आत तसंच अडकवून ठेवलं असतं. रोध शून्य होणं ही या अवस्थेची एक खूण, चुंबकीय क्षेत्र बाहेर काढणं ही दुसरी. मी आयुष्यभर पहिल्याच खुणेला सगळं समजत होते.

आणि कारण? त्यानं मला सगळ्यात जास्त बदललं. १९५० साली अमेरिकेत दोन गटांनी स्वतंत्रपणे दाखवलं, की पाऱ्याचं जड समस्थानिक घेतलं तर अतिवाहकता थोड्या खालच्या तापमानाला येते. इलेक्ट्रॉन तेच, फक्त अणूंचं वस्तुमान वेगळं. म्हणजे ज्या थरथरत्या अणूंना आपण अडथळा म्हणतो, त्यांचा या खेळात हात आहे. १९५७ साली इलिनॉय विद्यापीठातल्या बार्डीन, कूपर आणि श्रीफर यांनी सिद्धांत मांडला. एक इलेक्ट्रॉन धातूतून जाताना भोवतालच्या धन आयनांना किंचित आपल्याकडे ओढतो. आयन जड, ते जागेवर परतायला वेळ लावतात. इलेक्ट्रॉन निघून गेलेला असतो, पण त्याच्या वाटेवर थोडा धनभार साचलेला राहतो आणि त्याकडे दुसरा इलेक्ट्रॉन खेचला जातो. एरवी एकमेकांना दूर लोटणारे दोन इलेक्ट्रॉन असे जोडीनं बांधले जातात. जोडीतलं अंतर शेकडो अणूंएवढं असू शकतं, त्यामुळे असंख्य जोड्या एकमेकींत गुंतलेल्या असतात आणि सगळ्या मिळून एकाच अवस्थेत वाहतात. एखाद्याला विखुरायचं तर आधी जोडी तोडण्याएवढी ऊर्जा लागते, आणि इतक्या थंडीत ती मिळत नाही. म्हणून रोध नाही.

आता तांब्याचं कोडं सुटतं. तांबं चांगला वाहक आहे कारण त्यातले इलेक्ट्रॉन अणूंच्या थरथरीशी फारसा संबंध ठेवत नाहीत. त्याच कारणानं त्यांची जोडी जमत नाही. शिशात हा संबंध घट्ट, म्हणून नेहमीच्या तापमानाला रोध जास्त, आणि ७.२ केल्व्हिनखाली जोडीही पक्की. जे अडवतं तेच बांधतं. हे समजलं तेव्हा मी बराच वेळ पुस्तक मिटून बसले. आयुष्यभर मी चांगलं म्हणजे वाइटाचं कमी होणं एवढंच समजत आले होते. अडथळे काढा, अशुद्धी काढा, मग उत्तम काय ते शिल्लक राहील. निसर्ग इथे वेगळं सांगत होता.

पुढे वाचत गेले तसा हाच धडा पुन्हा भेटला. ओन्नेस यांना अतिवाहक तारेचे प्रबळ चुंबक करायचे होते, पण शिशासारख्या शुद्ध धातूची अतिवाहकता माफक चुंबकीय क्षेत्रातही मोडते. दुसऱ्या प्रकारचे अतिवाहक, बहुतेक मिश्रधातू आणि संयुगं, तीव्र क्षेत्रात टिकतात, कारण ते क्षेत्राला बारीक भोवऱ्यांच्या रूपात आत शिरू देतात. हे भोवरे हलले तर ऊर्जा वाया जाते. त्यांना जागच्या जागी खिळवून ठेवतात ते स्फटिकातले दोष. म्हणजे एमआरआयची तार चालते ती मुद्दाम ठेवलेल्या दोषांमुळे. पूर्ण निर्दोष धातूची तार इथे निकामी ठरली असती.

यातलं काही माझ्या दाराशीच घडत होतं. मुंबईत कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत भाभा अणुसंशोधन केंद्र आणि ही संस्था यांनी मिळून उभारलेला अतिवाहक त्वरक, म्हणजे कणांना वेग देणारं यंत्र, आहे. त्याचे अनुनादक तांब्याचे, पण त्यांच्या आतल्या पृष्ठभागावर शिशाचा पातळ मुलामा दिलेला. प्रवाह त्या शिशातून वाहतो, तांबं आधार देतं आणि उष्णता वाहून नेतं. याच संस्थेतल्या संशोधकांनी २०१६ च्या अखेरीस दाखवलं की शुद्ध बिस्मथ ०.५३ मिलिकेल्व्हिनला अतिवाहक होतो. बिस्मथमध्ये मोकळे इलेक्ट्रॉन इतके कमी, की नेहमीच्या सिद्धांतात हे बसत नाही. मी ज्याला संपलेला विषय समजत होते, तो माझ्याच राज्यात नव्यानं उघडत होता. तांब्याच्या ऑक्साइडांचंही तसंच. एकटं तांबं अतिवाहक नाही, पण ऑक्सिजनबरोबर थरांत बसलं की साध्या दाबाखालचे सर्वाधिक तापमानाचे अतिवाहक त्यातूनच मिळतात. पाऱ्याच्या अशा एका ऑक्साइडात ही मजल १३० केल्व्हिनच्या पुढे गेली आहे. तिथे जोड्या कशानं बांधल्या जातात, यावर तज्ज्ञांचं अजून एकमत नाही.

मत बदललं म्हणून हिशोब सोडला नाही. जर्मनीतल्या एसेन शहरात २०१४ साली १ किलोमीटर लांबीची अतिवाहक केबल बसवली गेली. द्रवरूप नायट्रोजननं गार ठेवलेली ही १० किलोव्होल्टची केबल ११० किलोव्होल्टच्या केबलचं काम करू शकत होती, आणि ती काही वर्षं शहराच्या जाळ्यात चालली. दाटीच्या शहरात, जिथे जागा नाही, तिथे याचा अर्थ मोठा आहे. पण प्रत्यावर्ती प्रवाहात थोडी हानी होतेच, थंडावा राखायला वीज लागतेच, आणि माळरानावरची डॉग तार काढून तिथे अशी केबल टाकणं आज परवडणार नाही. वीजगळतीवरचा आमचा इलाज अजून चांगल्या जोडण्या आणि योग्य जाडीची तार हाच आहे.

पूर्वग्रह मोडल्यावर मी दुसऱ्या टोकाला गेले, हेही कबूल करते. २०२३ च्या जुलैत दक्षिण कोरियातल्या संशोधकांनी शिसं, तांबं, फॉस्फरस आणि ऑक्सिजनच्या एका संयुगाला नेहमीच्या तापमानाचा अतिवाहक म्हटलं. अर्धवट तरंगणाऱ्या तुकड्याची चित्रफीत मी ओळखीच्या सगळ्यांना पाठवली. काही आठवड्यांत दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेसह अनेकांनी तो पदार्थ करून पाहिला आणि अतिवाहकता मिळाली नाही. रोधातली ती अचानक घट कॉपर सल्फाइडच्या भेसळीची होती. न तपासता नाकारणं आणि न तपासता मानणं, दोन्ही एकाच आळसातून येतं, हे मला तेव्हा कळलं.

म्हणून एक विनंती. पुढचा असा दावा वाचाल तेव्हा तीन गोष्टी विचारा: रोध खरंच नाहीसा झाला का, पदार्थानं चुंबकीय क्षेत्र बाहेर ढकललं का, आणि दुसऱ्या कुणी तो प्रयोग करून तेच पाहिलं का. तिन्हींची उत्तरं येईपर्यंत ‘हो’ही म्हणू नका आणि ‘नाही’ही म्हणू नका. आणि हा विषय शिकवत असाल तर शून्य रोधाची व्याख्या नंतर सांगा. आधी मुलांना विचारा की अतिवाहकांच्या यादीत तांबं का नाही. उत्तर माहीत नसेल तर तसं सांगा आणि त्यांच्याबरोबर शोधा.